अळणी घराचं पाणी

आमच्या बोरच्या पाण्यानं माझं निम्मं आयुष्य खाल्लं, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. गिझरची कॉइल दरवर्षी मेलेली. बादलीच्या आतून क्षाराचा असा थर की सुरीनं खरवडावा. तूरडाळ कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकन यायची. साबणाला फेस नाही आणि केसांचा झाडू झालेला. नळाला पाणी येतं तेव्हा येतं; ज्या दिवशी येतं त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या बायका लग्नघरासारख्या धावपळ करतात. बाकीचे दिवस बोर. संभाजीनगरात राहणाऱ्याला यातलं काही नव्यानं सांगायला नको.

घरात माणसं दोनच, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेली, धाकटा भाऊ पुण्यात, मी लग्न केलं नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. अण्णा कचेरीत कारकून होते. कचेरीतली टाचणी चुकून शर्टाला लागून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस. मला ते लहानपणापासून बावळट वाटायचे. प्रामाणिक माणूस घरात असला की त्याचा फार कंटाळा येतो, हे कुणी कबूल करत नाही, मी करते.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पंप ढिला पडलाय, गोळ्या घ्या आणि मीठ जवळजवळ बंद. अंगात मीठ गेलं की पाणी साठणार, पाणी साठलं की पाय सुजणार, आणि मग ते पाणी छातीत चढणार. "मीठ म्हणजे यांना विष समजा," असं मला बाजूला घेऊन सांगितलं. मी घरी आले आणि पापड, लोणची, शेव, चटण्या, सगळं शेजारी वाटून टाकलं. मी स्वतःही अळणी खायला लागले. लोक म्हणायचे, काय पोरगी आहे! मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्याच सुमारास मी घरावर सॉफ्टनर बसवला. बसवणारा फुलंब्रीहून मोटरसायकलवर यायचा. पन्नाशीचा, पान खाणारा, निम्मं मराठी निम्मं हिंदी बोलणारा. गच्चीवर त्यानं एक उंच निळी टाकी उभी केली, तिच्यात साबुदाण्याएवढे पिवळे दाणे ओतले आणि शेजारी मिठाच्या पाण्याचं पिंप ठेवलं. बोरचं पाणी दाण्यांतून जातं, क्षार दाण्यांना चिकटतात. आठ दिवसांनी दाणे थकतात. मग व्हॉल्व्ह फिरवून त्यांच्यातून मिठाचं पाणी सोडायचं, म्हणजे दाणे परत ताजे. त्यानंतर साध्या पाण्यानं खळखळून धुवायचं आणि मग घराची टाकी चालू करायची.

"मॅडम, धुताना कंजूसी नको हां," तो म्हणाला. "अर्धा तास तरी गटारीत जाऊ द्यायचं. जिभेला खारट लागेना झालं की मगच टाकी चालू. पाणी वाया चाललंय म्हणून जीव तोडू नका."

"मी सायन्सची टीचर आहे," मी म्हणाले.

"हां हां, तो फिर क्या टेन्शन!" म्हणत त्यानं पान थुंकलं आणि निघून गेला.

पहिल्याच आठवड्यात घर बदललं. साबणाला फेस, कपडे मऊ, डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी. मशीनबरोबर एक छोटी बाटली आली होती, पाण्यात तिचे थेंब टाकले की क्षार असले तर गुलाबी, नसले तर निळं. मी रोज सकाळी थेंब टाकायचे आणि निळा रंग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. त्या बाटलीला फक्त क्षार कळतात, बाकी काही कळत नाही, हे मला पाठ होतं. पाठ असणं वेगळं.

दर रविवारी सकाळी मी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचे. पंचवीस किलोचं मिठाचं पोतं मीच जिना चढून वर नेलेलं, ओंजळीनं पिंपात ओतायचे. मग धुण्याचं पाणी पाइपातून गटारीत पडायला लागायचं, भसाभसा. अर्धा तास म्हणजे फार होतो हो! खाली लोक टँकरची वाट बघत घागरी मांडून उभे, आणि आमच्या भिंतीतून धबधबा. समोरच्या घरातल्या काकू तिसऱ्या रविवारी गॅलरीतून ओरडल्या, "बाई, तुमच्याकडं पाणी लई झालंय वाटतं!" चार माणसं हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. इथं माणसानं काहीही वाया घालवलं तरी चालतं, पाणी घालवलेलं कुणी विसरत नाही. पुढच्या रविवारपासून मी पाच मिनिटांत धुणं आटपायला लागले.

आणि एकदा हिशेबी डोकं सुरू झालं की ते थांबत नाही. स्वयंपाकघरातला पिण्याचा फिल्टर माझ्या डोळ्यांवर आला. एक तांब्या देतो आणि दोन तांबे मोरीत सोडतो. म्हटलं, आता पाणी मऊ झालं, क्षार गेले, मग या उधळ्याचं घरात काम काय? काढला आणि माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून पिण्याला, चहाला, वरणाला, भाजीला, सगळ्याला सॉफ्टनरचंच पाणी. उकळून, गाळून, झाकून. काकूंना मी गेटावरून ऐकवलंसुद्धा, "आमच्या घरात आता थेंब वाया जात नाही."

महिनाभरात अण्णांच्या चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला.

मी पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी वजन केलं, ते वाढलेलं. त्यांनी विचारलं, "मीठ खाताय का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"घरात तर मी देत नाही," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं बघितलं. तिथं ठरलं सगळं. लघवी जास्त व्हायची गोळी वाढवून आम्ही घरी आलो, आणि मी रिक्षातच सुरू झाले. कुठं खाता? कोण देतं? काकू देतात का? कट्ट्यावरचे म्हातारे देतात का?

"कुणी देत नाय गं माय," अण्णा म्हणाले. ते मला माय म्हणतात.

एक सांगायलाच पाहिजे. अण्णांनी मला सांगितलं होतं. सोमवारी सकाळी तांब्यातलं पाणी पिऊन ते म्हणाले, "पाणी खारट लागतंय गं." मी पोळ्या लाटत होते. मी म्हणाले, "तुमच्या जिभेला मिठाची चटक लागलीय, आता दगड चाटला तरी खारट लागेल." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "वरणात मीठ टाकलंस व्हय?" मी म्हणाले, "स्वप्नं बघू नका, गिळा मुकाट्यानं." मला का लागलं नाही खारट? रविवारी-सोमवारी जरा मचूळ लागायचं, नाही असं नाही. पण ज्या बाईनं वीस वर्षं बोरचं पाणी तोंडात घेतलंय तिला मचूळपणाचं काय कौतुक? आणि खरं सांगायचं तर मला चव बघायचीच नव्हती. रंग निळा येत होता ना!

मग मी चोर पकडायला निघाले. दोन चिमटी मीठ पाहुण्यांसाठी म्हणून एका डब्यात ठेवलं होतं, तो डबा माझ्या कपाटात कुलपात गेला. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, कारण वर मिठाचं पोतं होतं आणि "तुमचा काय भरवसा," असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. शाळेतून आल्यावर त्यांचं तोंड हुंगायचे. उशीखाली, पुस्तकांच्या मागं, चपलांच्या खोक्यात शोधायचे. काही सापडलं नाही की राग आणखी चढायचा. न सापडणारा चोर जास्त पोचलेला असतो, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी ते कॉलनीच्या कट्ट्यावर मित्रांत बसले होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढलेली मी लांबून पाहिली. मी तिथं गेले आणि हात पुढं केला. वर्गात पोरांपुढं करते तसाच. अण्णांनी पुडी हातावर ठेवली. उघडली तर बडीशेप. कुणीतरी हसून म्हणालं, "बाई, साहेबांना उठाबशा काढायला लावा." मी तेव्हा माघार घ्यायला हवी होती. पण मी म्हणाले, "आज बडीशेप आहे, उद्या मीठ असेल," आणि पुडी गटारीत टाकली. चार मित्रांसमोर, पंचाहत्तरीच्या माणसाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कट्ट्यावर जाणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, एक वाट बंद झाली.

सूज पोटरीवर चढली. तीन पायऱ्या चढताना ते कठड्याला धरून थांबायला लागले. दोन उशांवर झोपायचे ते तीनवर आले. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, आणि या वयात एकदा पाणी फुप्फुसात गेलं की मी शब्द देऊ शकत नाही." मी भावाला फोन केला. तो पुण्याहून आला, येताना साखर नसलेली बिस्किटं घेऊन आला, जणू रोग साखरेचा होता. त्याला मी सगळं सांगितलं. मी अळणी खाते आणि हे चोरून मीठ खातात. मी मरते आणि हे मजा करतात. सांगता सांगता मी रडले पण, आणि ते रडणं खरं होतं. मला अण्णा हवे होते. ते जाऊ नयेत म्हणूनच मी त्यांना असं धारेवर धरत होते, निदान मला तसं वाटत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भावानं त्यांना समोर बसवलं. माझ्याइतका तो वाईट नाही, मऊ बोलतो. "अण्णा, आम्ही रागावणार नाही. एकदा खरं काय ते सांगून टाका. तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांना गोळी ठरवता येत नाही. ताई बघा कशी झालीय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "खाल्लं."

"कधी?"

"दुपारी. ही शाळेत गेल्यावर."

"कशातलं?"

ते अडखळले. माझ्या वर्गातली, न केलेल्या गृहपाठाबद्दल उत्तर शोधणारी पोरं अशीच वर छताकडं बघतात. "डब्यातलं," ते म्हणाले.

डबा माझ्या कपाटात होता. कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि पर्स माझ्याबरोबर शाळेत. हे माझ्या त्या वेळी लक्षातसुद्धा आलं नाही. मला एवढंच कळलं की मी बरोबर होते. छातीवरचं ओझं उतरलं, आनंदच झाला म्हणा ना. मी आतून आईचा फोटो आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "हात ठेवा आणि म्हणा, पुन्हा खाणार नाही." भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे गं." मी राहू दिलं नाही. अण्णांनी फोटोवर हात ठेवला. म्हणाले, "पुन्हा खाणार नाय."

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. सूज उतरली नाही. उतरणार कशी? पण मला तेव्हा वाटलं, या माणसानं आईची शपथ मोडली. मग मी बोलणंच बंद केलं. ताट समोर आदळायचे, गोळ्या तळहातावर ठेवायचे आणि निघून जायचे. नऊ दिवस. एका घरात दोन माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "माय, एवढं काय गं?" मी म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी मेलात." हे वाक्य मी बोलले आहे.

दहाव्या दिवशी नववीच्या वर्गावर धुण्याचा सोडा हा धडा होता. दरवर्षी शिकवते, डोळे मिटूनही शिकवेन. दुष्फेन पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की ते सुफेन होतं. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. म्हटलं, माझ्या घरी तर मशीनच आहे, त्यातही हीच गंमत, अदलाबदल. क्षार जातात, त्यांच्या जागी दुसरं काहीतरी येतं. फुकट कुणी जागा सोडत नाही. पोरं हसली. मग मी खडूनं बाणाच्या उजवीकडं टकटक केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "खाली काय बसलं?"

"क्षाऽऽर!"

"आणि पाण्यात काय उरलं?"

"मीऽऽठ!" साठ पोरं एकदम ओरडली.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मी त्यांना परत विचारलं, का कोण जाणे. ती परत ओरडली, आणखी जोरात. मशीनच्या पाण्यात नेमकं खायचं मीठ उरत नाही, सोडियम उरतं, पण डॉक्टरांना तरी दुसरं काय टाळायचं होतं? आणि माझ्या घरी तर खायचं मीठही होतं. न धुतलेलं, दर रविवारी, माझ्या हातानं, पाच मिनिटांत आटपलेलं. चहात, वरणात, तांब्यात, त्यांच्या गोळ्यांबरोबरच्या पेल्यात. सूज वाढली की डॉक्टर पाणी कमी प्या म्हणायचे, आणि मी म्हणायचे, पिऊ द्या हो, पाण्यानं काय होतंय.

पोटदुखीचं कारण सांगून मी घरी आले. अण्णा झोपले होते, तीन उशांवर, तोंड उघडं. मी त्यांना उठवून पाया पडायला हवं होतं. मी शिडी लावली आणि माळ्यावरचा फिल्टर खाली काढला. संध्याकाळी माणूस बोलावून बसवून घेतला, वरून जारचं पाणी मागवलं. अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दुरुस्तीला दिला होता, आला." रविवारी व्हॉल्व्ह फिरवला आणि अर्धा तास गटारीत पाणी सोडलं. काकू गॅलरीत आल्या. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी अण्णा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आज पाणी गोड लागतंय. मला वाटलं होतं माझी जीभच मेली." मी ओट्याकडं तोंड करून उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही रोज सांगता आलं असतं. पंधरा दिवसांत पाय उतरले, चप्पल सैल झाली, एक उशी कमी झाली. डॉक्टरांनी अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. ते अण्णांना म्हणाले, "बघा, चोरी सुटली की नाही!" आणि मला म्हणाले, "तुमच्या कडकपणाला मानलं पाहिजे." मी मान हलवली. फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, तू होतीस म्हणून." मी म्हणाले, "असू दे रे." मला भीती वाटते, दुसरं काही नाही. सगळ्या जगात मी बरोबर आहे असं मानणारे अण्णा एकटेच आहेत, आणि त्यांच्या नजरेतून मला उतरायचं नाही.

गेल्या महिन्यात पिशोरहून आत्या भेटायला आली होती. तिला अण्णा स्वतःच सांगत होते, "मी मीठ चोरून खायचो बघ. या पोरीनं पकडलं म्हणून वाचलो." आत्या हसली, पदर तोंडाला लावून लाजली पण, भावाची ही कुलंगडी ऐकून. ती गेल्यावर अण्णांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "एक विचारू? मला ते खाल्लेलं काही आठवत नाही. कितीदा डोकं खाजवलं. पण तू काय खोटं बोलशील व्हय? आणि सोडल्यावर पाय उतरले, म्हणजे खातच असणार. म्हातारपण लई वाईट, आपलंच केलेलं आपल्याला ठाऊक राहत नाय. तुला लई छळलं मी. आईची शपथपण मोडली. मला माफ कर माय."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ द्या अण्णा. केलं माफ."

त्यांनी मला हात जोडले.